थांबवून दावा

आमच्या दाजींना टीव्हीवरच्या मालिकांचा भयंकर कंटाळा होता, आणि त्यांच्याइतक्या मालिका सगळ्या निलंग्यात दुसऱ्या कुणी पाहिल्या नसतील.

आमची आक्का दवाखान्यात नर्स. संध्याकाळची ड्यूटी लागली की तिची मालिका हुकायची. मग दाजी कापडाचं दुकान अर्धं उघडं ठेवून आतल्या खोलीत टीव्हीपुढं मांडी घालून बसायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात व्हीसीआरचा रिमोट. मालिका सुरू झाली की रेकॉर्डिंग सोडायचं, जाहिराती आल्या की थांबवायचं, संपल्या की पुन्हा सोडायचं. म्हणायचे, "दिवसभर फिनेलच्या वासात असती ती. घरी आल्यावर अजून साबण-पावडरी कशाला दावायच्या?"

तो व्हीसीआर घ्यायला ते नांदेडला आले तेव्हा मी तिथं कॉलेजात होतो. दुकानदारानं एकेक यंत्र लावून दाखवलं. एकाचं चित्र आरशासारखं, दुसऱ्याला गाणं म्हणायला माइकसुद्धा. दाजी ढिम्म.

"चित्र सगळेच दावतेत हो. थांबवून दावा."

थांबवून पुन्हा सोडल्यावर सांध्यावर चित्र उडतंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. दुपार टळली तरी त्यांचं तेच, थांबवून दावा. शेवटी दुकानदार वैतागला. "काका, मशीन चालवायला घेताय का थांबवायला?"

"थांबवायलाच," दाजी म्हणाले.

गिऱ्हाइकं फिसकन हसली. मी काय केलं ते पुढं कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, ह्या माणसासोबत आलोच नाही असा. दाजींनी ते बघितलं. बाहेर येऊन खोक्याचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाले, "धर मेव्हण्या, आता तरी सोबत चाल." आणि खदखदून हसले. रागावले असते तर मी ते विसरून तरी गेलो असतो.

दाजींची एकच अडचण होती. पहाटे उठणारा माणूस. मालिकेतली सून रडायला लागली की यांचा डोळा लागायचा. मग जाहिराती रांगेनं टेपवर यायच्या. आक्का ड्यूटीवरून आली की ताट घेऊन टीव्हीपुढं बसायची आणि बरोबर पकडायची.

"हितं डुलकी लागली वाटतं?"

"न्हाई न्हाई. गिऱ्हाईक आलतं."

"एवढ्या जाहिराती होईस्तोवर?"

"लई चिकट गिऱ्हाईक. सगळी लुगडी उलगडायला लावली, घेतलं काईच न्हाई."

आक्काला हसताना ठसका लागायचा. दाजी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवून पुन्हा गंभीर चेहरा करून बसायचे. सुट्टीत निलंग्याला गेलो की मीही हे बघायचो आणि मनात म्हणायचो, बायकोचा एवढा गुलाम माणूस मी पाहिला नाही. पुढं माझं लग्न झालं, आणि आपल्याला तेवढंही जमत नाही हे कळलं. तेही दाजींना कधी बोलून दाखवलं नाही.

दाजी गेले. त्यांचा व्हीसीआर त्यांच्या आधीच बंद पडला होता. आक्का निवृत्त झाली आणि एकदा सहज म्हणाली, "त्या कॅसेटी पुन्हा बघायला मिळतील का रे?" मी लगेच पोतं भरून नांदेडला आणलं. लग्नाच्या शूटिंगवाल्या एका ओळखीच्याकडून चालू व्हीसीआर मिळाला. आता टेपवरचं कॉम्प्युटरवर उतरवायला काहीतरी हवं होतं. व्हीसीआर आणि एक कॅसेट काखोटीला मारून दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं बोटाएवढी डबी जोडली. "बघा सर, किती क्लिअर!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चित्र राहू द्या. सांधा येऊ द्या."

सांधा आला आणि पडदा निळा झाला. परत चित्र आलं तेव्हा सुनेचे ओठ आधी हलत होते, आवाज मागून येत होता. मग काउंटरवरच्या मुलीनं कपाटातून एक जाडजूड डबा काढला, उडणारं चित्र सावरून पुढं पाठवणारा. त्यातून मी सांध्यामागून सांधे बघत बसलो. मागची माणसं चुळबुळायला लागली, कुणीतरी हसलं. या वेळी मी दाराबाहेर गेलो नाही.

सगळ्या कॅसेटी उतरवल्या. दाजींकडून राहिलेल्या जाहिरातीही एकेक करून काढून टाकल्या. म्हटलं, त्यांचं काम आपण पुरं केलं. जागा अडते म्हणून मूळच्या फाइली पुसल्या आणि पेन ड्राइव्ह घेऊन निलंगा गाठलं.

आक्का बघत राहिली. एक भाग झाला, दुसरा झाला. मग म्हणाली, "ह्यात हे कुठायत?"

"दाजी कसे असतील आक्का? ही तर मालिका."

"होते की. रडारड आली की झोपायचे. तू काढलंस का रे त्यांना?"

निघताना बायकोला सांगून आलो होतो, ते पोतं भंगारात देऊन टाक. तिथूनच फोन लावला.

"दिलंस का गं?"

"कोण घेतंय? भंगारवाला म्हणाला, 'ताई, ह्या कॅसेटी फुकट दिल्या तरी नको.' पडलंय पोतं जिन्याखाली."

त्या भंगारवाल्याला मी जन्मभर चहा पाजीन.

पुन्हा सगळं उतरवलं, या वेळी एक साबणही न काढता. आणि आक्काला त्या दुकानातल्या दुपारची गोष्टही सांगितली, दाराबाहेर उभा राहिलो त्याच्यासकट. ती म्हणाली, "ठाऊक हाय. घरी आल्या आल्या सांगितलं होतं ह्यांनी. 'मेव्हणा लाजला बिचारा,' म्हणून कितीतरी दिवस हसायचे." एवढी वर्षं मी जे एकट्यानं वागवत होतो, त्याची या घरात केव्हाच करमणूक होऊन गेली होती.

टीव्हीवर सून रडायला लागली. आक्का सावरून बसली. जाहिरात आली, दुसरी आली. साबण, चहा, छत्री. "घोरून राहिलेत बघ," आक्का म्हणाली. माझा हात सवयीनं रिमोटकडं गेला.

"राहू दे रे. उठतील."

छत्रीवाली बाई अर्ध्या वाक्यात तुटली, चित्र जरासं थरथरलं आणि सून पुन्हा रडायला लागली.

"उठले!" आक्का टाळी वाजवून म्हणाली, आणि तिला ठसका लागला. मी तांब्या पुढं सरकवला.