दहावीच्या रकान्यातलं शून्य

दहावीच्या रकान्यात शून्य होतं. मला वाटलं, क्लार्क आकडा भरायला विसरला.

जूनचा महिना. मी तेव्हा तालुक्यातल्या हायस्कूलांची तपासणी करायचो. डिंभे धरणाच्या रस्त्यावरच्या या शाळेचा दहावीचा निकाल सलग दुसऱ्या वर्षी शंभर टक्के लागला होता, म्हणून शाल-श्रीफळ घेऊनच गेलो होतो. सत्काराआधी एक कोष्टक तपासायचं होतं. कुठल्या वर्गात मुली किती, आदिवासी मुलं किती, एवढंच.

आदल्या वर्षी नववीत धरणाकाठच्या वाड्यांवरची आदिवासी मुलं निम्मी होती. परीक्षेला बसलेल्या दहावीत एकही नाही.

"हे भरायचं राहिलंय," मी म्हणालो.

"न्हाई साहेब, बरोबर हाय ते," क्लार्क म्हणाला आणि हेडमास्तरांकडे बघायला लागला.

"मग एवढी मुलं गेली कुठं?"

"सतरा नंबर," हेडमास्तर म्हणाले. चहा मागवला होता त्याच आवाजात.

सतरा नंबर म्हणजे बोर्डाचा फॉर्म. शाळा सोडलेल्यांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून. तो भरलेला मुलगा नापास झाला तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत.

तेवढ्यात दारात बाप-लेक आले. मुलगी सुगंधा, नुकतीच नववी झालेली. बाप धरणात मासे धरणारा. तिच्या दाखल्यासाठी अंगठा द्यायला आला होता.

"का काढताय हिला?" मी विचारलं.

"सर म्हनले, घरी बसूनबी दहावी व्हती. एसटीचा भरवसा न्हाई, पोरीचा पयला तास रोज बुडतो. लई उपकार झाले सरांचे."

"घरी गणित कोन शिकवनार?" सुगंधानं बापालाच हळू विचारलं.

मी तिचं प्रगतिपत्रक मागवलं. पोरगी सगळ्या विषयांत पास होती. गणितात काठावर.

"काठावरचीच निकाल बुडवतात, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "आणि मागच्या वर्षी याच निकालावर तालुक्याची फिरती ढाल तुम्हीच दिलीत. भाषणही केलंत."

केलं होतं. बाकीच्या शाळांनी यांच्याकडून शिकावं, असं म्हणालो होतो. समोर तालुक्यातले सगळे हेडमास्तर बसले होते.

शाल-श्रीफळ पिशवीतच राहिलं. सुगंधाचा दाखला रद्द करायला लावला, लिहून तयार असलेले बाकीचेही. आधीची मुलं मात्र हातची गेली होती. त्यातली दोघं पुढे मंचरच्या मार्केटात कांदा निवडताना दिसली. मला त्यांच्याशी बोलायचं धाडस झालं नाही.

पुढच्या वर्षी शाळेचा निकाल घसरला. सुगंधा गणितात राहिली आणि ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला सुटली. ढाल नियमाप्रमाणे दुसऱ्या शंभर टक्केवाल्या शाळेला जायची होती. मी त्यांना कळवलं, आधी नववीचा पट पाठवा, मग ढाल घेऊन जा.

मी रिटायर झालो तेव्हा ढाल ऑफिसच्या कपाटावरच होती.