मल्लखांबाखालची माती

एरंडेलाचा वास आला की पनवेलची आमची व्यायामशाळा आठवते. शाळा सुटल्यावर तिथे मी मुलांना तेल लावलेल्या मल्लखांबावर चढवायचो. त्याआधी खांबाखालची माती खणून भुसभुशीत करणं माझं काम. एका संध्याकाळी गप्पांच्या नादात ती मी खणलीच नाही. मिठागरात राबणाऱ्या एकाचा दहा वर्षांचा मुलगा वरून ओरडला, "गुरुजी, बगा, हात सोरले!" आणि त्या टणक जमिनीवर आदळला. पाय कायमचा अधू झाला. त्याचा बाप उलट मलाच समजावत म्हणाला, "तुमचा दोस नाय, गुरुजी. आमचा पोरच माकड हाय." मी मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात त्यानं धाकट्यालाही माझ्या हाती आणून सोपवलं. तो बाप आता हयात नाही, आणि माती खणली नव्हती हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.