बेबी ऑफ एस

माझ्या वर्गातल्या वयानं सगळ्यांत मोठ्या विद्यार्थिनी म्हणजे चुडाव्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर. मी तेवीस वर्षांची, त्या पन्नाशीला टेकलेल्या. औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी परभणीला परत आले होते आणि स्टेशन रोडला एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत शिकवायला लागले होते. एक्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. दोन मशिनं, एक कूलर आणि दाराबाहेर काढलेल्या चपला, एवढाच आमचा संसार. नामांतरावरून कुणी बंद पुकारला की तोही दोन-दोन दिवस कुलपात.

सिस्टर दर रविवारी रेल्वेनं यायच्या. या वयात हे कशाला, असं मी पहिल्या दिवशी जरा भीतभीतच विचारलं.

"उद्या आमच्या हापिसात मशीन येईल," त्या म्हणाल्या, "आन् कुणीतरी नवा येऊन मलाच शिकवंल. त्यापरीस आमीच आधी शिकून घेतो की."

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मानवतचे एक मुनीम बसायचे. कापसाच्या आडतीवर उभी हयात गेलेला माणूस. अक्षर मोत्यासारखं आणि आपल्या बिनचूकपणाचा अभिमान त्याहून मोठा. टायपिंग येत असल्यामुळे त्यांची बोटं कीबोर्डवर भराभर चालायची. सिस्टर एका बोटानं एकेक अक्षर शोधत, सापडलं की "हाय बघा इथं" म्हणत.

कोर्स संपत आला तेव्हा मी ठरवलं, की खोट्या नावांचे तक्ते पुरे, आता खरं काहीतरी करू. सिस्टर म्हणाल्या, "माझं लसीचं रजिस्टर घ्या." सहा गावांतली तान्ही बाळं, कुणाला कुठली लस दिली, कुठली राहिली, असं सगळं त्यात होतं. दोन रविवार बसून सगळ्यांनी ते लोटस नावाच्या प्रोग्रॅमच्या तक्त्यात भरलं. सिस्टर वाचून दाखवायच्या, मुनीम टाइप करायचे. बरीचशी बाळं बिननावाची. बारसं झालेलं नसायचं, किंवा झालं तरी रजिस्टरपर्यंत पोचलेलं नसायचं. अशांच्या रकान्यात मुनीमांनी इंग्रजीत 'बेबी ऑफ' आणि पुढं आईचं नाव घातलं. मग रजिस्टर तपासणीसाठी तालुक्याला गेलं.

तिसऱ्या रविवारी मी तो तक्ता डीबेस या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये नेऊन दाखवणार होते. तक्त्यात नुसतं पाहता येतं, पण डेटाबेसला प्रश्न विचारता येतो, हे मी फळ्यावर लिहून समजावलं. उदाहरणार्थ, गोवराची लस राहिलेली बाळं कोणती? सगळे मशीनभोवती गोळा झाले. मी मोठ्या रुबाबात आज्ञा दिली. फ्लॉपी कुरकुरली, दिवा लागला, विझला आणि पडद्यावर यादी उमटली.

बेबी ऑफ एस. बेबी ऑफ एल. बेबी ऑफ एस. बेबी ऑफ एस.

आईच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं. बाकीचं गेलं होतं.

"हे काय दाखवायलंय मॅडम?" सिस्टरनी विचारलं. "माझ्या बाया कुठं गेल्या?"

रजिस्टर तालुक्याला आणि भर वर्गात ही फजिती. मुनीम हळूच म्हणाले, "मी तर पूर्ण नावं मारली होती." ते खरंच होतं. चूक काय झाली हे मलाच कळेना.

सिस्टरनी पर्समधून चष्मा काढला, खुर्ची पुढं ओढली. "घ्या मुनीमजी, कागद घ्या. मी सांगते."

आणि त्या सांगायला लागल्या. गाव आणि जन्मतारीख पडद्यावर होतीच, तेवढ्यावर त्यांचं भागत होतं. "ही विहिरीजवळच्या घरची, तिचं दुसरं लेकरू. ही तर गाडीतच बाळंत झाली, चुडाव्याचं ठेसन यायच्या आत. ही लय रडायची, बाळ न्हाई, आईच!" प्रत्येकीसोबत नाव, सासर, कधी माहेरही. मुनीम लिहीत होते. मधे एकदा त्यांनी पेन थांबवलं, सिस्टरकडं पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

तोवर मी दुसऱ्या मशीनवर मूळ तक्ता उघडला होता. नावाच्या रकान्यात बाण नेला, तर वरच्या ओळीत आईचं पूर्ण नाव दिसलं. जीव भांड्यात पडला. मधल्या मोकळ्या जागा धरून रकाना नऊच इंग्रजी अक्षरांचा होता. तो रुंद न करताच मी तक्ता पलीकडं नेला होता, म्हणून पुढची अक्षरं कापली गेली. तक्त्यात सगळं जिथल्या तिथं होतं. दोन मिनिटांत पुन्हा करता आलं असतं.

हे सांगायला मी वळले. सिस्टर अर्ध्या यादीवर आल्या होत्या. त्यांना मधेच थांबवायला मन होईना.

यादी संपल्यावर मात्र मी चूक सांगून टाकली. मुनीमांनी ताबडतोब आपला कागद तक्त्याशी ताडून पाहायला घेतला. नाव जुळलं की बरोबरची खूण. शेवटून तिसऱ्या नावाशी ते थबकले.

"सिस्टर, ही चुकली तुमची. इथं दुसरंच नाव आहे."

"मी न्हाई चुकत. ते नाव तिच्या जावंचं हाय. दोघी एकाच आठवड्यात बाळंत झाल्या. तुमी एकच नाव दोनदा मारलं."

मुनीमांनी वरखाली पाहिलं. एकच नाव लागोपाठ दोनदा होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माफ करा," म्हणाले, "मशीन बी चुकलं, मी बी चुकलो."

"मशीन न्हाई चुकलं, मी चुकले," मी म्हटलं. सिस्टर हसायला लागल्या आणि मग आम्ही सगळेच.

चूक दुरुस्त करून, रकाना रुंद करून, यादी पुन्हा नेली. गोवराची लस कुणाची राहिली, हा प्रश्न सिस्टरनीच एका बोटानं टाइप केला. उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "मॅडम, यात अजून एक रकाना वाढवता येतो का? बाळाच्या स्वतःच्या नावाचा. आता रिकामाच राहू द्या."

डेटाबेसमध्ये रकाना कसा वाढवायचा, हा धडा माझ्या पाठांत नव्हता. तो त्या दिवशी झाला.

कोर्स संपला तरी त्या महिन्यातून एकदा येत राहिल्या. पिशवीत कागद, कागदावर नावं. कुणाचं बारसं झालं, काय नाव ठेवलं. मुनीमही मुद्दाम त्याच दिवशी परभणीची कामं काढायचे आणि टाइप करायला बसायचे. सिस्टर प्रत्येक नाव त्यांच्याकडून दोनदा वाचून घ्यायच्या.

वर्षभरात त्यांची गंगाखेडकडं बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा फ्लॉपी नव्या सिस्टरना दिल्याचं सांगितलं आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. "तिला पाठवते तुमच्याकडं," म्हणाल्या. "लय हुशार हाय. पण आधी रकाना रुंद करायला शिकवा."