जवळ्याची मच्छरदाणी
इथं परमुलखात शेजारीण सुका जवळा भाजायला लागली, की मला आमची मच्छरदाणी आठवते. होळी झाली की आमच्या खाडीकाठी घरोघरच्या मच्छरदाण्या जवळा धरायला पाण्यात जायच्या. "डास गेलं गो आता सुट्टीवर," आई हसायची. अशाच एका उन्हाळ्यात धाकटी बहीण तापानं फणफणली. वडखळच्या रिक्षावाल्यानं तिला उचलून पेणला पोचवलं, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, "मलेरिया आहे. सुक्या दिवसांत डासाची कातडी जाड होते, अंगातलं पाणी टिकतं. अंधारात बसून तग धरतो तो." धाकटीनं तग धरला नाही. आईनं वाळवलेला सगळा जवळा खाडीत ओतला. आता माझं लेकरू भर उन्हाळ्यातही मच्छरदाणीत झोपतं, आणि मी जाळीला भोक पडलंय का ते चाचपत बसते.