बाकावरची शिवांजली

शिवांजलीनं बापाला आधीच बजावलं होतं, "आबा, मी पयल्या पाचात नसते. मॅच बघाय या, पर समदं गाव गोळा करून आणू नगा." ऐकतील ते नाथाजी कसले! औंधजवळच्या आपल्या गावातनं जीपभर माणसं, हलगीवाला आणि गुलालाची पिशवी घेऊन हे फौजेतले निवृत्त हवालदार सांगलीच्या मैदानावर हजर. साताऱ्याच्या पोरी आल्या, हलगी कडाडली, आणि शिवांजली टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर जाऊन बसली. गावकऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

अहो, बास्केटबॉलात खेळतात पाच, पण संघ असतो बाराचा, हे त्यांना सांगणार कोण? "पोरीला शिक्षा झाली का काय?" शेजारच्या रविराजनं विचारलं. झालं, नाथाजींचा पारा चढला.

हाफटाइमला ते तडक बाकापाशी आले. सातारा सहा गुणांनी मागं होता. प्रशिक्षक ज्ञानदा मॅडमना त्यांनी सुनावलं, "हिला आत्ता उतरवा, न्हाईतर जीपमधी घालून नेतो. खेळ बंद! नुसतं बसायचंच तर घरात काय जागा कमी हाय व्हय?"

मॅडमनी शिवांजलीकडं पाहिलं. "जातेस आत?"

आत जायला कुणाला नको असतं? रोज पहाटे उठून ती पळत होती, ती काय टॉवेल सांभाळायला? पण सांगलीचा सगळा खेळ आठ नंबरच्या पोरीच्या हातून फिरायचा, आणि ती अजून दमली नव्हती. पहिल्या पाचातल्या श्रद्धानं तिला पळवून पळवून दमवायचं आणि शेवटच्या क्वार्टरला शिवांजलीनं तिला गोचिडासारखं चिकटायचं, असं ठरलेलं. आत्ताच उतरली तर सगळं मुसळ केरात.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"आबा, तुमची कंपनी रिझर्व्हमधी असायची तवा तुमी काय जत्रंला गेला होता व्हय? पुढची दमली की तुमीच जायचा न्हवं? मग माझीच लाज का वाटती तुमास्नी? जीपमधी घालायचं तर मॅच संपल्यावर घाला. आत्ता मी हलायची न्हाई."

हवालदाराशी असं घरात कुणी बोललं नव्हतं. ते पाय आपटत निघून गेले.

शेवटच्या क्वार्टरला श्रद्धा घामानं निथळत बाहेर आली आणि शिवांजली आत गेली. मग काय विचारता! आठ नंबरला तिनं उसंतच दिली नाही. ती वळेल तिकडं ही हजर. तिच्या हातात चेंडू येईना, पोरगी रडकुंडीला आली. शिवांजलीचे फाऊल वाढत होते, पण मॅडमचं सांगणंच होतं, फाऊल राखून ठेवू नकोस. सातारा पुढं गेला. पाचवा फाऊल पडला आणि नियमाप्रमाणं तिला बाहेर जावं लागलं. सांगलीकरांनी शिट्या मारून हुर्यो केली. ती मान ताठ ठेवून चालत आली, आणि दम खाल्लेली श्रद्धा परत आत गेली.

"परत बसवली की वो!" रविराज म्हणाला.

"बसवली न्हाई रं," नाथाजी खेकसले, "मोर्चा धरला, बदली आली तवा माघारी आली. गप मॅच बघ."

सातारा जिंकला. बाहेर जीप सुरू झाली तशी शिवांजली मुद्दाम जाऊन समोर उभी राहिली. "बसू का?"

नाथाजींनी दार आतनं ओढून घेतलं. "कशाला? उद्याची प्रॅक्टिस काय तुझा बाप करणार हाय?"