पाच भरत्या

मार्थाबाय मुलाचे नाव विचारण्याआधी त्याच्या शौचाची चौकशी करीत. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात ठेवणीतले लुगडे नेसलेली एखादी आई दिसली, की त्या भर गर्दीत हाक मारीत, "काय गो, काल झाली का पोराला?" आई लाजून चूर होई. मार्थाबाय म्हणत, "लाज पोटात ठेवली तर तिथंच कुजते."

मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका म्हणून वीस वर्षे काढून त्या माणिकपूरला परतल्या होत्या आणि एका खोलीचा दवाखाना सांभाळीत होत्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. उरलेले दिवस मार्थाबायचे. मी तेव्हा वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला होते. आमची केळीची वाडी जवळच होती आणि 'संशोधन' हा शब्द मला फार प्रिय होता. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे जाऊ लागले, ती त्यांच्या एका पद्धतीसाठी. जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला त्या करवंटीचा कोळसा वस्त्रगाळ करून मधातून चाटवीत. शौचात काळा रंग पहिल्यांदा कधी दिसतो, यावरून अन्नाला आतड्यांतून बाहेर पडायला किती काळ लागतो ते कळे.

"बिटाचा लाल रंग का देत नाही?" मी विचारले.

"लाल दिसलं की आया रगत समजून बोंब मारतात. काळ्याला कोन घाबरत नाय."

मी त्यांच्या जाडजूड वहीत नवे रकाने आखले : वय, कोळसा दिल्याची वेळ, रंग दिसल्याची वेळ, एकूण दिवस. त्यांनी कौतुकाने पाहिले, पण म्हणाल्या, "रकाने सरळ आलेत. आता पोरं पन सरळ येतील का बघ."

किनाऱ्यावरच्या पाचूबंदर कोळीवाड्यातली हिराबाई आपल्या पाच वर्षांच्या काशीला घेऊन आली, ती याच सुमारास. मुलीचे पोट ढोलासारखे ताणलेले. कधी कधी आठ-आठ दिवस शौच नाही. कोळसा देऊन आम्ही तिला घरी पाठवले. हिराबाई परत आली तेव्हा मार्थाबाय एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या. "पाच भरत्या गेल्या, बाय," ती म्हणाली, "मंग काळं दिसलं."

मी 'एकूण दिवस' या रकान्यात पाच लिहिले. पाच दिवस म्हणजे आतड्याचा जन्मजात दोष असण्याचा दाट संभव, असा निष्कर्ष काढून मुंबईच्या शल्यविशारदांना पत्र तयार केले आणि डॉक्टरांच्या सहीसाठी टेबलावर ठेवले. हिराबाईला शस्त्रक्रियेची कल्पनाही दिली. ती पायरीवर बसून राहिली. पोरीच्या पोटावर हात ठेवून तिने एवढेच विचारले, "कापतील?"

मार्थाबाय परतल्या, त्यांनी पत्र वाचले आणि हिराबाईला पुन्हा सारे विचारून घेतले. मग माझ्याकडे वळल्या. "डाक्टरीनबाय, तुमच्या कालेजात समुद्राला दिवसातून एकदाच भरती येते काय?"

मी समुद्रापासून अवघ्या दीड मैलावर वाढले होते. पाचूबंदरच्या बायका घड्याळावर नव्हे, भरतीवर वेळ सांगतात आणि भरती दिवसाला दोनदा येते, हे मला सुचलेच नव्हते. पाच भरत्या म्हणजे जेमतेम अडीच दिवस. आतडी मंद होती, निकामी नव्हती. मार्थाबायनी पत्राची घडी करून झग्याच्या खिशात टाकली.

"मग अडतं कुठे?" मी विचारले.

"ते पोरीला विचार. आपन आतड्यांनाच विचारत बसलो."

त्या काशीजवळ जमिनीवर बसल्या. त्यांनी विचारल्यावर ती पुटपुटली, "पानी मागून येतं." किनाऱ्यावर शौचाला बसलेली असताना एकदा लाटेने तिला मागून लोळवले होते. तेव्हापासून पाणी दूर गेल्याखेरीज ती बसत नसे. ओहोटीची वेळ रोज पुढे सरके, आणि पोटाची हाक मात्र सकाळचीच. ती हाक ती दाबून टाकी. मार्थाबायनी हिराबाईला घरामागे झावळ्यांचा आडोसा करायला लावला आणि रोज सकाळी पेज प्यायल्यावर काशीला तिथे बसवण्याचा नेम घालून दिला. पावसाळा संपेतो तिचे पोट मऊ पडले.

त्या चुकीबद्दल मार्थाबाय मला पुन्हा कधी बोलल्या नाहीत. क्षमा मागायची मी ठरवून ठेवली होती; परीक्षा संपल्यावर, पदवी घेऊन, नीट शब्दांत. परीक्षा संपली त्याच आठवड्यात त्या हृदयविकाराने गेल्या. मी पोहोचले तेव्हा दफनविधी होऊन दोन दिवस झाले होते.

दवाखान्यात वही तशीच होती. काशीचे पान काढले. माझ्या 'पाच दिवस'वर एक रेघ, आणि खाली मार्थाबायचे तिरपे अक्षर : 'पाच भरत्या. डाक्टरीनबायला हा हिशेब मी सांगितला नव्हता. चूक माझी.'

हे शास्त्रीयदृष्ट्या असत्य होते; चूक माझीच होती. मी पेन उघडून ते शब्द खोडायला वाकले. पण त्यांच्याशी वाद घालून, त्यांचा टोमणा ऐकून, मग खोडायचे होते. मी पेन मिटले.