यंत्राला हात लावायची परवानगी

भोरला एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वेल्ह्याला एक डॉक्टरीणबाई दवाखाना चालवतात, त्यांचा कॉम्प्युटर दुरुस्तीला माझ्याकडेच असायचा. तो जुना होता आणि पेनड्राइव्हमधून व्हायरस येऊन दर महिन्याला बंद पडायचा. शेवटी मीच त्यांना म्हटलं, "मॅडम, यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकून देतो, ही कटकटच जाईल." त्यांनी होकार दिला. रूटचा, म्हणजे मालकाचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे आणि माझ्याकडे ठेवायचा आणि सिस्टरला वेगळं, साधं खातं काढून द्यायचं, हेही मीच सुचवलं होतं. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून.

सिस्टर वेल्ह्याजवळच्याच एका गावातली. चाळिशीची, कामाला चोख. मला दादा म्हणायची, मी तिला ताई. केस पेपर काढण्यापासून झाडलोट करण्यापर्यंत सगळं तीच करायची.

लावणीच्या दिवसांत डॉक्टरांनी ईसीजी काढायचं एक छोटं यंत्र आणलं. डबीएवढं, यूएसबीला लावायचं. हातापायांना चिमटे आणि छातीला वायरी लावल्या की पडद्यावर आलेख येतो. त्या नसतील तेव्हा सिस्टरनं आलेख काढायचा आणि मोबाईलवर पाठवायचा, असं ठरलं होतं. यंत्र जोडायला मी गेलो.

डॉक्टरांच्या पासवर्डनं यंत्र लगेच चाललं. सिस्टरच्या खात्यातून मात्र एकच उत्तर येई: परवानगी नाही. यूएसबीला काहीही लावलं की लिनक्स त्याची एक फाईल तयार करतं आणि ती कुणी उघडायची तेही ठरवतं. अशा यंत्राला ते सहसा रूटशिवाय कुणाला हात लावू देत नाही. यावरचा खरा उपाय मला माहीत होता. एका फाईलमध्ये नियमाची एक ओळ लिहायची, की या नंबरचं यंत्र लागलं तर अमुक गटातल्या माणसांना ते वापरू द्यावं. मग सिस्टरला त्या गटात घालायचं, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची, यंत्र दोनतीनदा काढघाल करून बघायचं. अर्ध्या तासाचं काम.

पण भोंगवलीला मेहुण्याचा साखरपुडा होता आणि चारची गाडी चुकली असती तर नसरापूरला पुढची गाडी मिळाली नसती. मी रूटनं आत शिरलो आणि त्या वेळी तयार झालेल्या फाईलची परवानगी हातानंच सगळ्यांना खुली केली. सिस्टरनं स्वतःच्याच दोन्ही मनगटांना चिमटे लावून पाहिलं. पडद्यावर रेघ उमटली.

"चाललं की दादा!" ती हसली.

हातानं दिलेली ती परवानगी मशीन चालू आणि यंत्र जागेवर असेपर्यंतच टिकते; दवाखान्यातली मशीन इन्व्हर्टरवर रात्रंदिवस चालूच असायची. वायर एकदा निघाली की ती फाईल जाते, परत लावल्यावर नवी तयार होते आणि तिचं कुलूप पुन्हा रूटकडे. हे मला त्या क्षणीही माहीत होतं. पुढच्या आठवड्यात येऊन नीट करू म्हणालो, मनातल्या मनात. तिला काही बोललो नाही. पुढचा आठवडा आला आणि गेला.

त्यानंतर एका दुपारी मी भाटघरला एका घराच्या गच्चीवर कॅमेरा बसवत होतो. सिस्टरचा फोन आला.

"दादा, यंत्र घेत न्हाई. परमिशन न्हाई म्हणतंय."

"वायर काढून परत लावा," मी सवयीनं म्हणालो. आणि म्हणतानाच मला हातानं दिलेली ती परवानगी आठवली.

"सकाळी झाडताना निघाली हुती, म्या परत लावली. तवापासनंच असं करतंय. दादा, समोर पेशंट हाय."

मागून एका बाईचा आवाज येत होता. ती पेशंटची सून, हे मला नंतर कळलं. "सासूबाईंला लई घाम सुटलाय वो," ती म्हणत होती. पेशंट साठीची बाई होती. लावणी करता करता जबडा दुखायला लागला, उलटी झाली, म्हणून सुनेनं टेम्पोत घालून आणलं होतं. छातीत दुखत नव्हतं.

मी रूटचा पासवर्ड सांगितला. त्यानं सरळ डॉक्टरांसारखं आत शिरून यंत्र चालवता आलं असतं, पण त्या गडबडीत ते मला सुचलं नाही. मग आज्ञा सांगू लागलो, एकेक इंग्रजी अक्षर, तिरकी रेघ, मोकळी जागा. यंत्राच्या नव्या फाईलचा नंबर बदललेला, तो आधी शोधायला हवा होता. मध्येच रेंज जाई. ती लिहून घेई, चुके, पुसे. मी गच्चीच्या कठड्यापाशी उभा राहून ओरडत होतो. पंधरा-वीस मिनिटं गेली.

"ऱ्हाऊ द्या दादा," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "म्या मॅडमलाच इचारते."

डॉक्टर पुण्याहून परत निघाल्या होत्या. फोनवर लक्षणं ऐकून त्यांना पित्त वाटलं. आलेख असता तर वाटलं नसतं. त्यांनी इंजेक्शन द्यायला आणि झोपवून ठेवायला सांगितलं. दोन तासांनी त्या पोचल्या. त्यांनी आपल्या पासवर्डनं कॉम्प्युटर उघडला, यंत्र पहिल्याच झटक्यात चाललं, आणि आलेख बघताच त्यांनी गाडी बोलावली. हृदयविकाराचा झटका होता. बाईंना तसंच पुण्याला नेलं. जीव वाचला, पण मधल्या वेळात हृदयाचा बराच भाग निकामी झाला होता.

हे सगळं मला डॉक्टरांनीच दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. वर म्हणाल्या, "यंत्र तर व्यवस्थित आहे हो. सिस्टर घाबरली, दुसरं काही नाही."

मी "हो" म्हणालो. फोन ठेवला.  बायकोनं विचारलं, जेवत का नाही. तिलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी वेल्ह्याला गेलो. नियमाची ती ओळ लिहिली, सिस्टरला गटात घातलं, मशीन बंद करून सुरू केली. वायर चार वेळा काढली, चार वेळा लावली. चारही वेळा तिच्या खात्यातून यंत्र उघडलं. डॉक्टरांना म्हणालो, "सेटिंग जरा बदललेलं होतं, केलंय दुरुस्त." कुणी बदललं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

निघताना सिस्टर पायरीपर्यंत आली. डोळे सुजलेले.

"दादा, खरं सांगा. माज्या झाडूनंच बिघडलं न्हवं? मी तेवढं जपून झाडाया पायजे हुतं."

"नाही ताई," मी म्हणालो. "वायर निघाली तरी चालायला हवं होतं. मीच काम अर्धवट ठेवलं. गाडी चुकेल म्हणून. मला माहीत होतं."



"तीन दीस म्या जेवले न्हाई," ती म्हणाली. "मला सांगताय ते आत जाऊन मॅडमला सांगा."

मी आत गेलो आणि सांगितलं. डॉक्टर पेशंट तपासत होत्या. तो जाईपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "मी तिला फार बोलले हो परवा." बस, एवढंच. नंतर सिस्टरला आत बोलावून त्यांनी दार लावलं. आत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. दवाखान्याचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं नाही. काढून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

दिवाळीच्या आधी वेल्ह्याच्या बाजारात त्या पेशंट बाई दिसल्या. सून पिशवी घेऊन पुढे, त्या मागून. दहा पावलं चालल्या की थांबत, एका दुकानाच्या ओट्याला हात टेकवून श्वास घेत. दवाखान्यासाठी कागद घ्यायला सिस्टर माझ्यासोबत आली होती; त्या कोण ते तिनंच मला सांगितलं, आणि त्यांनीही तिला ओळखलं.

"आन हे कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी सिस्टरकडे पाहिलं. 

"दवाखान्यातला कॉम्प्युटर बघतो मी," मी म्हणालो.

"व्हय का?" त्यांचा चेहरा उजळला. "त्या यंत्रानंच वाचिवलं म्हनं मला. लई उपकार झाले बगा तुमचे."

मी हात जोडले. सून म्हणाली, "चला आत्या, ऊन लागंल," आणि त्या हळूहळू एसटी स्टँडकडे निघाल्या.